सातवीतल्या मुलीसाठी जीवशास्त्राची शिकवणी: एक प्रकरण अभ्यास

मुलगी बारा वर्षांची, सातवीत. गणित उत्तम, भौतिक आणि रसायनाचे धडे आवडीचे. विज्ञानाच्या पेपरात गुण जात होते ते जीवशास्त्राच्या भागात, आणि सहामाहीनंतर तर फारच. घरच्यांचं निदान झालेलं होतं: पाठांतर कच्चं आहे. त्यामुळे त्यांना हवी होती ती रोज पाठ करून घेणारी, प्रश्नोत्तरं लिहून देणारी आणि दर आठवड्याला परीक्षा घेणारी शिकवणी. आई माझ्याकडे आली ती एवढंच विचारायला, "मॅडम, जीवशास्त्राला चांगलं कोण आहे? नाव सांगा."

विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर आणि पालकांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. दोन-चार नावं मला तेव्हाच सांगता आली असती. पण मी आधी मुलीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका मागितल्या. मूल नेमकं कुठे अडलंय हे कळल्याशिवाय शिकवणी कुणाची लावायची हे ठरतच नाही, आणि बहुतेक घरांत सुरुवात होते ती शिक्षक शोधण्यापासून. हे प्रकरण तपशिलात लिहितेय ते त्यासाठीच.

उत्तरपत्रिका

व्याख्यांना पूर्ण गुण. जोड्या लावा, पूर्ण. रिकाम्या जागा, जवळजवळ पूर्ण. आकृतीला नावं दिलेली, तीही बरोबर. गुण गेले होते ते 'शास्त्रीय कारणे लिहा' आणि 'काय होईल ते सांगा' या दोन प्रकारांत, आणि तिथे ते सरसकट गेले होते.

त्यातला एक प्रश्न असा होता: आधी दोन दिवस अंधारात ठेवलेल्या रोपाच्या एका पानाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि रोप उन्हात ठेवलं, नंतर त्या पानाची आयोडीन चाचणी घेतली, तर काय दिसेल आणि का? तिने उत्तरात प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या लिहिली होती. संपूर्ण, पुस्तकातल्यासारखी, एक स्वल्पविरामही न चुकता. झाकलेला भाग निळा-काळा होणार नाही, कारण प्रकाश न मिळाल्याने तिथे स्टार्च तयार झालं नाही, हे वाक्य मात्र कुठेच नव्हतं. तपासणाऱ्यांनी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढून शून्य दिलं होतं.

पाठांतर कच्चं असलेलं मूल असं लिहीत नाही. हिचं पाठांतर इतकं पक्कं होतं की प्रश्न नीट वाचायच्या आधीच हातातून उत्तर उतरत होतं. पाठ करून घेणारी शिकवणी लावली असती, तर जे तिला आधीच येत होतं त्याचाच आणखी सराव झाला असता. आईला दोन उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवून हे दाखवलं, तेव्हा त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ही अभ्यास करते, पण तिला कळत नाहीये."

कोरा कागद आणि पेन्सिल

काय कळत नाहीये हे शोधायला उत्तरपत्रिका पुरत नाहीत. मी मुलीला समोर बसवून एक कोरा कागद दिला. पुस्तक बंद. सांगितलं, "उजव्या पायाच्या अंगठ्यात रक्ताचा एक थेंब आहे. तो निघाला आणि फिरून परत अंगठ्यात आला. त्याचा रस्ता काढ."

तिने अंगठा काढला, वर हृदय काढलं, दोघांना जोडणारा एक लंबगोल काढला. जाताना लाल, येताना निळा. फुप्फुसं तिने नंतर, आठवण झाल्यासारखी, बाजूला काढली. त्या दोन पिशव्या नाकाला जोडलेल्या होत्या, रक्ताला नव्हत्या.

"रक्ताला ऑक्सिजन कुठे मिळतो?"

"हृदयात. हृदय रक्त शुद्ध करतं."

"आणि हे निळं?"

"ते अशुद्ध रक्त. ते निळं असतं."

ही तिन्ही उत्तरं या वयात फार नेहमीची आहेत. आकृतीत निळा रंग सोयीसाठी वापरतात. ऑक्सिजन कमी असलेलं रक्तही लालच असतं, फक्त गडद. हृदय काहीच शुद्ध करत नाही, ते पंप आहे. शुद्ध-अशुद्ध हे शब्द कानावर पडले की मुलांच्या डोक्यात गाळणी तयार होते, आणि मधोमध असलेलं हृदय त्या जागी चपखल बसतं. मुलगी बावळट नव्हती. रक्त शरीरात गोल फिरतं हे माणसाला कळायलाच फार काळ लागला. रक्त यकृतात तयार होतं आणि शरीरभर खर्च होऊन जातं, ही प्राचीन ग्रीक वैद्य गॅलनची समजूत शतकानुशतकं टिकली. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने 1628 मध्ये रक्ताभिसरण मांडलं तेव्हाही धमन्यांतून शिरांमध्ये रक्त जातं कसं, हे त्याला दाखवता आलं नव्हतं. मार्चेल्लो मालपिगीने 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसात धमन्या आणि शिरांना जोडणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्या पाहिल्या तेव्हा तो दुवा जुळला. असा विषय मुलाला एका तासिकेत 'समजला' असं आपण धरून चालतो.

मग वनस्पती. "एवढंसं बी, आणि त्याचं मोठं झाड. झाडाचं हे सगळं वजन आलं कुठून?"

"मातीतून."

तिला सतराव्या शतकातल्या व्हॅन हेलमाँट या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला. त्याने सुमारे 90 किलो कोरड्या मातीत सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे 76 किलोंचं झालं आणि माती घटली ती जेमतेम 57 ग्रॅम. हे 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. ऐकून तिने वजाबाकी केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाण्यातून." व्हॅन हेलमाँटचाही निष्कर्ष तोच होता. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून झाडाचा बराचसा भाग बनतो, हे तिला पटेना, कारण हवेला वजन आहे असं तिला मनापासून वाटत नव्हतं. भौतिकशास्त्राच्या धड्यात मात्र तिने 'हवेला वजन असते' हे लिहून गुण मिळवले होते.

तिसरी गोष्ट तिने आपणहून सांगितली: झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन. हे मोठ्यांनाही असंच वाटतं. श्वसन, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवणं, दिवसरात्र चालू असतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्याने ते बाहेरून जाणवत नाही इतकंच.

आता चित्र स्पष्ट झालं. तिच्या पुस्तकात पचन एका धड्यात होतं, रक्ताभिसरण दुसऱ्यात, श्वसन तिसऱ्यात, पेशी चौथ्यात. तिने चारही धडे स्वतंत्र पाठ केले होते. खाल्लेलं अन्न आणि घेतलेला ऑक्सिजन शेवटी एकाच पेशीत पोहोचतात आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे, ही गोष्ट तिच्यापर्यंत आलीच नव्हती. कोणती वस्तू कुठून निघते, कशातून जाते, कुठे पोहोचते आणि तिथे तिचं काय होतं, एवढंच तिला कुणीतरी विचारत राहायला हवं होतं.

शिकवणी हवीच का

हा प्रश्न घरच्यांना आवडला नाही, पण विचारायला हवा होता. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंशी आई बोलल्या. वर्ग मोठा, प्रत्येकीला कागद देऊन रस्ता काढायला लावणं त्यांना शक्य नव्हतं, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. त्यांच्याकडून दोन उपयोगी गोष्टी कळल्या: मुलगी वर्गात कधीच शंका विचारत नाही, आणि पुढच्या सत्रात उत्सर्जन आणि पेशीविभाजनाचे धडे येणार आहेत. म्हणजे आत्ता दुवे जुळले नाहीत तर पुढचे धडेही त्याच पद्धतीने पाठ होणार. घरात जीवशास्त्र शिकलेलं कुणी नव्हतं. शिकवणी लावायची, पण ती ठरावीक मुदतीची, असं ठरलं. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी एक तास. या वयात एका तासापुढे मूल बसलेलं दिसतं, शिकत नसतं.

आता कसं माणूस हवं? वडिलांचा आग्रह होता की निवृत्त प्राध्यापक किंवा डॉक्टर असावेत, विषय खोलवर जाणणारे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. चुकीचं शिकवणारी व्यक्ती नकोच. पण सातवीच्या अभ्यासक्रमाला लागणारं ज्ञान जीवशास्त्रात पदवी घेतलेल्या कुणाकडेही असतं. त्याच्यापुढे फरक पडतो तो मुलाचं चुकीचं उत्तर ऐकून घेण्याच्या ताकदीने.

वडील हिशेबी स्वभावाचे, म्हणून त्यांच्याशी संशोधनाच्या भाषेत बोलले. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी 1984 मध्ये मांडलं होतं की एकास-एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या 98 टक्के मुलांच्या पुढे जातो. शिकवण्यांच्या जाहिरातींमागे हाच विश्वास असतो. पण कर्ट व्हॅनलेन यांनी 2011 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा परिणाम मोठाच निघाला, तरी ब्लूम यांनी सांगितलेल्या वाढीच्या निम्म्याहून कमी. म्हणजे शिकवणी लावली की काम झालं, असं नाही. शिकवणीत काय घडतं याला महत्त्व आहे. आणि काय घडावं याचा सगळ्यात जवळचा पुरावा योगायोगाने रक्ताभिसरणाचाच आहे. मिशेलिन ची (Chi) या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणावरचा उतारा दिला. काहींनी प्रत्येक वाक्यानंतर त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायचा, बाकीच्यांनी उतारा दोनदा वाचायचा. सांगणारी मुलं जास्त शिकली, विशेषतः अवघड प्रश्नांत. पुढे 2001 मध्ये त्यांनी शिक्षकांनाच समजावून सांगायला मनाई केली. मुलाला फक्त बोलतं करायचं. समजावून सांगितलेल्या मुलांइतकीच ही मुलंही शिकली.

वडिलांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे कमी बोलणारा शिक्षक शोधायचा?" बरोबर तेच.

चाचणी तास

नावं आली ती ओळखीतून, शाळेतल्या बाईंकडून आणि महाविद्यालयाच्या विभागातून. बरीचशी फोनवरच गळली: कुणाला वेळ नव्हता, कुणी फक्त दहावीपुढची मुलं घेत होतं, आणि एकाने मुलीबद्दल एकही प्रश्न न विचारता थेट गुणांची हमी दिली. हमी देणाऱ्याला मी कधीच पुढे जाऊ देत नाही.

उरलेल्यांना एक चाचणी तास घ्यायला सांगितला, फी देऊन. फुकट चाचणी मागू नये असं माझं ठाम मत आहे; समोरच्याचा वेळ असतो, आणि फुकटच्या तासात माणूस शिकवण्यापेक्षा छाप पाडायला जातो. विषय सगळ्यांना एकच: अंगठ्यापासून अंगठ्यापर्यंत रक्ताचा रस्ता. आई खोलीत एका कोपऱ्यात बसणार आणि एकाच गोष्टीची नोंद ठेवणार, कोण किती बोललं. दुसऱ्या दिवशी, कुणीही मदत न करता, मुलगी तोच रस्ता पुन्हा काढणार.

पहिल्या बाई अनुभवी, अतिशय नेटक्या. त्यांनी हृदयाचे चार कप्पे, झडपा, महारोहिणी, सगळं इतकं सुंदर समजावलं की आईनेही पहिल्यांदा नीट समजलं असं सांगितलं. मुलगी मान डोलावत होती. दुसऱ्या दिवशीच्या चित्रात हृदयाला चार कप्पे आले होते, झडपांची नावं आली होती. रक्त फुप्फुसाकडे नेणारी फुप्फुस धमनीही आली होती. ती हृदयातून निघून कागदाच्या कडेपर्यंत गेली होती आणि तिथेच संपली होती. मला त्या रेषेने सगळं सांगितलं. बाईंच्या ज्ञानात कमतरता नव्हती. मुलीने आपल्या जुन्या लंबगोलाला नवी नावं चिकटवली होती, आणि ते बाईंना दिसायला संधीच नव्हती, कारण तासभरात मुलीने काही काढलंच नव्हतं.

नंतर वैद्यकीय शिक्षण घेणारा एक मुलगा आला. हसतमुख, बोलका. त्याने हृदयाच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगितलं, स्टेथोस्कोपने तिला तिचेच ठोके ऐकवले आणि ते दोन आवाज झडपा मिटण्याचे असतात हे सांगितलं. मुलगी भारावून गेली. तो प्रश्नही विचारत होता, पण क्षणभर थांबून उत्तर स्वतःच देत होता. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांचा अभ्यास करून हेच नोंदवलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि ते तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. ज्याला उत्तर माहीत आहे त्याला ते तीन सेकंद फार मोठे वाटतात.

मग वनस्पतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी एक मुलगी आली. आवाज मऊ, अनुभव थोडा. पहिलं वाक्य तिने टाकलं, "आधी तूच सांग, मी ऐकते." मुलीने बोट कागदावर ठेवून थेंब अंगठ्यातून वर नेला. हृदयाशी आल्यावर म्हणाली, "इथे ऑक्सिजन मिळतो."

ताई चूक म्हणाली नाही. तिने विचारलं, "हृदयात ऑक्सिजन येतो कुठून?"

"नाकातून."

"मग नाकापासून हृदयापर्यंत त्याचा रस्ता काढ."

मुलीने नाक काढलं, नळी काढली, नळी फुप्फुसात नेली. आणि पेन्सिल थांबली. फुप्फुस आणि हृदय यांच्यामध्ये कागदावर बोटभर कोरी जागा होती. ताई गप्प बसली. आईने नंतर सांगितलं की ती शांतता त्यांनाच असह्य झाली होती, बोलावंसं वाटत होतं. मुलीने त्या जागेवरून पेन्सिल दोनदा हवेतच फिरवली. मग म्हणाली, "इथून पुढे हवा जाऊ शकत नाही. मग... रक्तालाच इथे यावं लागेल?"

"आलं तर परत कसं जाईल?"

मुलीने लंबगोल खोडला आणि दोन फेऱ्या काढल्या. एक हृदयातून फुप्फुसात आणि परत, दुसरी हृदयातून शरीरात आणि परत. डाव्या-उजव्या बाजूची गल्लत होती, नावं एकही नव्हती. दुसऱ्या दिवशी न बघता काढलेल्या चित्रात दोन्ही फेऱ्या होत्या.

निवड आणि घरातलं मतभेदाचं बोलणं

मुलीला दादा हवा होता. ही गोष्ट मी हलक्यात घेतली नाही. ज्याच्याबरोबर बसायचं त्याच्याबद्दल मुलाच्या मनात ओढ असणं मोलाचं आहे. वडिलांना पहिल्या बाई हव्या होत्या, कारण अनुभव. आईने तिन्ही चित्रं टेबलावर ठेवली. त्यांच्या नोंदीत पहिल्या तासात मुलीची जेमतेम चार-पाच वाक्यं होती, तिसऱ्यात पान भरलं होतं.

ताईबद्दलची शंका वडिलांनी तिच्यासमोरच बोलून दाखवली, "तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या, मग माणसाच्या शरीराचं काय?" ती म्हणाली, "काका, मूत्रपिंडाचा धडा मला स्वतःला पुन्हा वाचावा लागेल. वाचून येईन." मला हे उत्तर तिच्या बाजूने भक्कम वाटलं. जे येत नाही ते कबूल करणारी शिक्षिका मुलालाही 'मला नाही कळलं' म्हणायची मुभा देते, आणि या मुलीला नेमकी तीच हवी होती. दादाचं वेळापत्रक त्याच्या परीक्षांमुळे अनियमित राहणार होतं, तेही निर्णयात आलं. ताई ठरली. मुलीला सांगितलं की महिन्याभराने तिचं मत पुन्हा विचारू, आणि ते खरोखर विचारलं गेलं.

ठरवण्यापूर्वी आईने ताईने आधी शिकवलेल्या दोन घरी फोन करून चौकशी केली. शिकवणी बैठकीच्या खोलीत, दार उघडं, घरात मोठं माणूस हजर. निरोपांची देवाणघेवाण पालकांच्या फोनवर, मुलीच्या नाही. ऑनलाइन तास झाला तरी तो याच खोलीत बसून. हे नियम ताईला पहिल्या दिवशी सांगितले, तिनेही त्यात काही वावगं मानलं नाही. ओळखीतली व्यक्ती असली तरी यात सवलत देऊ नये. नियम सगळ्यांना सारखे असले की कुणाला संशय घेतल्यासारखं वाटत नाही.

पुढे काय झालं

प्रत्येक तासाची सुरुवात कोऱ्या कागदाने: मागच्या वेळचं जे आठवेल ते, पुस्तक न उघडता. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात लगेच घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून पाहणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. मुलीला पहिले काही तास हा कागद नकोसा वाटायचा. पाठ असलेलं भराभर लिहिणाऱ्या मुलांना रिकामा कागद घाबरवतो.

तिच्या गणिताचा ताईने छान उपयोग केला. वडिलांची नाडी मोजली, मिनिटाला 72. प्रौढ माणसाचं हृदय विश्रांतीत एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. गुणाकार पाच लिटरच्या आसपास आला. शरीरात एकूण रक्तही साधारण पाच लिटर. "म्हणजे सगळं रक्त एका मिनिटात फिरून येतं!" हे तिने स्वतः काढलं. हार्वेचाही एक मुख्य युक्तिवाद याच जातीचा होता: हृदय अर्ध्या तासात इतकं रक्त ढकलतं की तेवढं शरीरात नसतंच, म्हणजे तेच रक्त परत येत असलं पाहिजे. मग वडिलांना जिन्यावरून वर-खाली करायला लावून पुन्हा नाडी मोजली, आणि स्नायूंना जास्त काय लागतं म्हणून ठोके वाढले, यावर तो तास गेला. पचन, श्वसन आणि रक्ताभिसरण त्या दिवशी पहिल्यांदा एका कागदावर आले.

श्वसनाची समजूत मात्र चिवट निघाली. तासाला बरोबर सांगायची आणि चाचणीत पुन्हा 'रात्री श्वसन' लिहायची. जुनी समजूत नवीन माहितीने पुसली जात नाही, ती शेजारीच राहते आणि घाई झाली की तीच आधी बाहेर येते. ताईने समजावणं सोडून दिलं आणि एक प्रश्न घरी विचार करायला दिला: बी जमिनीखाली अंधारात अंकुरतं, त्याला ना पानं ना ऊन, मग वाढायला लागणारी ऊर्जा ते आणतं कुठून? मुलगी दोन दिवस त्याच्यामागे होती. साठवलेलं अन्न, असं उत्तर आलं. ते अन्न वापरायचं म्हणजे काय करायचं? श्वसन. मग पानं आल्यावर ते थांबायचं कारण काय? त्यानंतर ती चूक फारशी दिसली नाही.

पहिल्या घटक चाचणीत गुण वाढले नाहीत. वडील अस्वस्थ झाले, आणि तसं होणं स्वाभाविक होतं. उत्तरपत्रिका पाहिली तर आतलं चित्र बदललेलं होतं: कारणांच्या प्रश्नांत गुण मिळाले होते, पण व्याख्यांत अर्धा-अर्धा गुण गेला होता, कारण तिने त्या आता स्वतःच्या शब्दांत लिहिल्या होत्या आणि एखादा आवश्यक शब्द सुटला होता. शाळेच्या परीक्षेला पुस्तकी वाक्य लागतं, ते नाकारून मुलाचं नुकसान करू नये. ताईने तासाची शेवटची दहा मिनिटं त्यासाठी ठेवली. आधी स्वतःचं वाक्य, त्याखाली पुस्तकातलं, आणि दोन्हींत काय राहिलं ते शोधणं. पुढच्या परीक्षेत दोन्ही बाजू सावरल्या. आकृत्या आजही नीटनेटक्या येत नाहीत. त्यात तिचे गुण जातात.

थांबायचं कधी, हे सुरुवातीलाच ठरलं होतं: न शिकवलेला धडा तिने स्वतः उघडून त्यातून रस्ता काढता आला की. उत्सर्जनाचा धडा त्यासाठी राखून ठेवला होता. तिने तो एकटीने वाचला आणि तासाला येताना प्रश्न घेऊन आली, "ताई, युरिया यकृतात तयार होतो आणि मूत्रपिंडात गाळला जातो असं लिहिलंय. मधलं दिलेलंच नाही. तो रक्तातूनच जात असणार ना?" तिथून तास पंधरा दिवसांतून एकदा झाला आणि वार्षिक परीक्षेआधी बंद केला. अडलं तर आईच्या फोनवरून ताईला विचारायचं, एवढी सोय ठेवली.

हे प्रकरण प्रत्येक मुलाला लागू पडणार नाही. ज्याला व्याख्याही आठवत नाहीत, त्याच्या बाबतीत आधी वाचन तपासावं लागेल. सातवीच्या जीवशास्त्रात दर पानावर नवे शब्द येतात, आणि सलग वाचताना अडखळणारं मूल त्यातच दमून जातं. शाळेचं माध्यम आणि घरची भाषा वेगळी असेल तर ताईसारखं बोलतं करणं घरच्या भाषेत करावं. सगळ्याच विषयांत एकदम घसरण झाली असेल तर कारण बहुधा जीवशास्त्रात नसतं, आणि शिकवणीने ते सुटणारही नाही. पण पालकांकडून तपासलेली उत्तरपत्रिका आणि मुलाकडून कोऱ्या कागदावरचं एक चित्र, या दोन गोष्टी या सगळ्या प्रकारांत पहिल्या बैठकीला मागाव्यात.

मुलगी आता आठवीत जाईल. वर्गात हात वर करणं तिला अजून जमलेलं नाही. तास संपल्यावर ती बाईंना गाठून विचारते, असं शाळेतून कळलं. नवीन वर्षात शिकवणी लावायची की नाही, हे आई पहिली घटक चाचणी झाल्यावर ठरवणार आहेत, आणि ती उत्तरपत्रिका घेऊन येईन म्हणाल्या आहेत.